दोन ऑब्जेक्टांची बेरीज : आधी चिन्ह की आधी अर्थ?

काही वर्षांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रश्न नेहमीचाच होता : एक क्लास तयार करा आणि त्याच्या दोन ऑब्जेक्टांची बेरीज अधिक चिन्ह वापरून करून दाखवा. एका मुलीने 'विद्यार्थी' नावाचा क्लास केला होता. त्यात हजेरी क्रमांक आणि गुण अशा दोन नोंदी होत्या. पहिल्या विद्यार्थ्याचा क्रमांक ७ व गुण ६२, दुसऱ्याचा क्रमांक १२ व गुण ७१. तिने दोघांची बेरीज केली आणि पडद्यावर तिसरा विद्यार्थी उमटला : क्रमांक १९, गुण १३३.

"हा एकोणीस नंबरचा विद्यार्थी कोण?" मी विचारले. ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "सर, आउटपुट बरोबर आहे."

आउटपुट खरोखरच बरोबर होते. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती, प्रश्नात जे मागितले होते ते सर्व त्यात होते आणि गुणदानाच्या तक्त्यानुसार तिला पूर्ण गुण द्यावे लागले. मी ते दिलेही. पण तो एकोणीस क्रमांकाचा विद्यार्थी मनातून जाईना. घरी आल्यावर मी हा पाठ शिकवणारी पुस्तके काढून पाहिली आणि लक्षात आले, की दोष मुलीचा नव्हता. तिने पुस्तकातली पद्धत प्रामाणिकपणे पुढे नेली होती. त्या पद्धतीचीच थोडी तपासणी करावी, म्हणून हा लेख.

पाठ काय आहे?

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाला संख्या कळतात, त्यांची बेरीज कळते. पण आपल्याला लांबी, वेळ, पैसे, तारखा अशा गोष्टी हाताळायच्या असतात. अशा एखाद्या प्रकारच्या गोष्टीत कोणती माहिती असते आणि तिच्यावर कोणत्या क्रिया करता येतात, याचे एकत्र वर्णन म्हणजे क्लास. त्या वर्णनानुसार तयार झालेली एकेक गोष्ट म्हणजे ऑब्जेक्ट. 'लांबी' हा क्लास. '५ फूट ७ इंच' हे त्याचे एक ऑब्जेक्ट. (मराठीत क्लासला वर्ग म्हणण्याचा प्रघात आहे, पण शिक्षकांसाठीच्या मासिकात त्याने घोटाळा होईल, म्हणून येथे क्लास हाच शब्द ठेवतो.)

ही कल्पना नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत प्रथम स्पष्ट रूपात आणली. पुढे बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून सी भाषेला क्लासची जोड देण्याचे काम सुरू केले आणि त्यातून सी++ ही भाषा तयार झाली. तिच्यात एक मोठी सोय होती. आपण केलेल्या क्लाससाठी अधिक, उणे या चिन्हांचा अर्थ काय, हे आपणच ठरवून देऊ शकतो. या सोयीला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. भारतात हजारो विद्यार्थ्यांनी ऑब्जेक्टची बेरीज सी++ मधूनच शिकली. आता बरेचजण पायथन भाषेतून शिकतात. भाषा बदलली, तरी पाठ फारसा बदललेला नाही.

तीन पायऱ्या

आपल्याकडे फार वापरल्या गेलेल्या दोन पुस्तकांची उदाहरणे घेऊ. रॉबर्ट लाफोर यांच्या पुस्तकात फूट आणि इंच असलेला 'डिस्टन्स' क्लास आहे. ई. बालगुरुसामी यांच्या पुस्तकात तास आणि मिनिटे असलेला 'टाइम' क्लास आहे. दोन्ही उदाहरणे साधी आहेत, रोजच्या व्यवहारातली आहेत आणि मी स्वतः त्यांवरच शिकलो आहे. त्यांचे मोठे श्रेय असे, की येथे बेरीज म्हणजे नुसते आकडे मिळवणे नाही, हे पहिल्याच दिवशी दिसते. मिनिटे साठ झाली की तास वाढतो, इंच बारा झाले की फूट वाढतो. हातचा किती झाल्यावर घ्यायचा हे क्लासला ठाऊक असते. क्लास वापरणाऱ्याला त्याची चिंता करावी लागत नाही.

ही बेरीज सहसा तीन पायऱ्यांनी शिकवली जाते. पहिल्या पायरीत तिसरे, रिकामे ऑब्जेक्ट आधीच तयार असते. त्याला हाक मारून पहिली दोन त्याच्या हाती द्यायची आणि सांगायचे, 'या दोघांची बेरीज तू हो.' दुसऱ्या पायरीत पहिल्या ऑब्जेक्टला सांगायचे, 'या दुसऱ्याला तुझ्यात मिळवून उत्तर परत दे', आणि आलेले उत्तर तिसऱ्या नावाखाली ठेवायचे. तिसऱ्या पायरीत हेच काम अधिक चिन्हाने करायचे, म्हणजे प्रोग्रॅम वहीतल्या गणितासारखा दिसू लागतो.

शिकवणारा या पायऱ्या चढत जातो, पण प्रत्येक पायरीवर काय बदलले ते क्वचितच सांगतो. पहिल्या पायरीतली रचना वस्तुतः विचित्र आहे. ३ आणि ४ यांची बेरीज करताना आपण आधी रिकामा ७ तयार ठेवून त्याला कामाला लावत नाही. ही पायरी पुस्तकात येते ती ऑब्जेक्ट फंक्शनला कसे द्यायचे हे शिकवण्यासाठी; बेरीज तेथे केवळ निमित्त असते. लेखकांचा हेतू त्यांच्या जागी योग्य आहे. पण विद्यार्थी 'बेरीज अशी करतात' एवढेच घेऊन बाहेर पडतो.

दुसऱ्या पायरीत खरा धोका आहे आणि तो पायथन शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत मला वारंवार दिसतो. 'तुझ्यात मिळव' हे वाक्य मूल शब्दशः घेते आणि पहिल्या ऑब्जेक्टमधलीच रक्कम वाढवून तेच ऑब्जेक्ट परत देते. उत्तर बरोबर छापले जाते. पण खाऊचे २० रुपये आणि वहीचे ३० रुपये यांची बेरीज विचारल्यावर खाऊचेच ५० रुपये होऊन बसतात. ३ + ४ केल्याने ३ बदलत नाही, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगायची कोणाला सुचत नाही. बेरजेने तिसरी, नवी गोष्ट निर्माण व्हावी आणि पहिल्या दोन जशाच्या तशा राहाव्यात, हा नियम पाठात स्पष्ट शब्दांत हवा. तपासणी सोपी आहे : बेरीज झाल्यावर पहिली दोन ऑब्जेक्टे पुन्हा छापून पाहायची.

हातचा कोणी सांभाळायचा?

फूट-इंचांच्या उदाहरणात इंचांची बेरीज १२ किंवा अधिक झाली तर १२ वजा करून एक फूट वाढवला जातो, तोही एकदाच. दोन्ही ऑब्जेक्टांत इंच १२ पेक्षा कमी असतील तर हे पुरेसे आहे. पण ते कमीच आहेत याची खात्री कोण देणार? वापरणाऱ्याने ५ फूट २० इंच आणि ३ फूट २० इंच भरले, तर क्लास तक्रार करत नाही. उत्तर येते ९ फूट २८ इंच. बालगुरुसामींच्या तास-मिनिटांत भागाकार आणि बाकी वापरल्यामुळे बेरजेत हा दोष येत नाही, पण २ तास ७५ मिनिटे अशी वेळ आत शिरायला तेथेही अटकाव नाही.

ही बारीकसारीक चूक काढणे नव्हे. क्लास कशासाठी असतो, हा प्रश्न येथे आहे. क्लासने आपल्या माहितीची जबाबदारी घ्यायची असते. इंच नेहमी ० आणि १२ यांच्यामध्येच राहतील हे वचन क्लासने पाळले, तरच त्याच्या बेरजेवर विश्वास ठेवता येतो. वचन नसेल तर क्लास म्हणजे दोन संख्यांची पिशवी.

याहून चांगला मार्ग आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंकगणितात होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी शाळेत रुपये-आणे-पैची गणिते असत : १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया. ३ रुपये १३ आणे ९ पै आणि २ रुपये ७ आणे ५ पै यांची बेरीज दोन रीतींनी करता येते. एक म्हणजे उजवीकडून हातचे घेत. दुसरी म्हणजे सगळ्याच्या पै करून : ७४१ अधिक ४७३ बरोबर १२१४ पै, मग परत रुपये-आणे-पै करून ६ रुपये ५ आणे २ पै.

प्रोग्रॅममध्ये दुसरी रीत फार सोयीची आहे. ऑब्जेक्टच्या पोटात फक्त एकूण पै, एकूण मिनिटे किंवा एकूण इंच ठेवायचे. मग बेरीज एका ओळीची होते. हातचा घ्यावाच लागत नाही. उत्तर दाखवताना तेवढे रुपांतर करायचे. २८ इंच कधी उरूच शकत नाहीत, कारण आत 'इंचांचा रकाना' असा वेगळा नाहीच. क्लास वापरणाऱ्याला बाहेरून काहीही फरक जाणवत नाही. आतली मांडणी बदलली तरी बाहेरचा व्यवहार तोच राहतो, हा ऑब्जेक्ट पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा पुस्तके व्याख्येत सांगतात; पण तो डोळ्यांना दिसावा म्हणून एकच क्लास दोन रीतींनी करून दाखवत नाहीत. बेरजेच्या पाठात ही संधी आयती चालून आलेली असते.

वीसपैकी पंधरा आणि ऐंशीपैकी चाळीस

आता त्या एकोणीस क्रमांकाच्या विद्यार्थ्याकडे वळू. तो कोठून आला?

फूट-इंच पाहा : फुटांत फूट, इंचांत इंच. तास-मिनिटे पाहा : तासांत तास, मिनिटांत मिनिटे. ऑपरेटर ओव्हरलोडिंगच्या प्रकरणात हमखास येणाऱ्या संमिश्र संख्या पाहा : वास्तव भागात वास्तव भाग, कल्पित भागात कल्पित भाग. तिन्ही उदाहरणांवरून विद्यार्थी एकच नियम काढतो : ऑब्जेक्टांची बेरीज म्हणजे रकान्याखाली रकाना मांडून प्रत्येकाची बेरीज. उदाहरणे एकाच साच्याची असली की तो साचाच नियम वाटू लागतो. त्या मुलीने क्रमांकात क्रमांक आणि गुणांत गुण मिळवले, ते याच नियमाने.

हा नियम मोडणारे उदाहरण पाठात हवे आणि ते शोधायला दूर जायला नको. पाचवी-सहावीच्या शिक्षकांना ते रोज भेटते. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज मूल २/५ अशी करते : अंशात अंश, छेदात छेद. आपण त्याला सांगतो, की अरे, अर्ध्यात काही मिळवून उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल? गंमत अशी, की सी++ शिकवताना आपण अकरावी-बारावीच्या मुलांना नेमकी तीच सवय लावतो.

आणखी पुढे जाऊ. मूल करते ती बेरीज नेहमीच चूक असते का? आपण शिक्षक निकालपत्र भरताना काय करतो? अंतर्गत परीक्षेत २० पैकी १५, लेखी परीक्षेत ८० पैकी ४०. एकूण १०० पैकी ५५. आपण लिहितो १५/२०, ४०/८० आणि खाली ५५/१००. अंशात अंश, छेदात छेद! आणि ते अगदी बरोबर असते. हेच आकडे अपूर्णांक म्हणून घेतले तर पाऊण आणि अर्धा मिळून सव्वा होतात. आणि सव्वा हा कोणत्याही परीक्षेचा निकाल नव्हे.

म्हणजे माहिती तीच, दोन पूर्णांक, वर एक आणि खाली एक. पण 'अपूर्णांक' या क्लासची बेरीज एक आणि 'गुण' या क्लासची बेरीज दुसरी. कोणती बरोबर हे आकड्यांकडे पाहून कळत नाही; ती गोष्ट काय आहे यावरून कळते. फरक बेरजेपुरताही थांबत नाही. अपूर्णांक म्हणून १५/२० आणि ३/४ हे एकच आहेत. गुण म्हणून ते एक नाहीत : १५/२० च्या जागी ३/४ लिहिले तर एकूण ४३/८४ होईल, म्हणजे ५५ टक्क्यांचा विद्यार्थी साधारण ५१ टक्क्यांवर येईल. अपूर्णांकाच्या क्लासने संक्षेप करायलाच हवा. गुणांच्या क्लासने तो मुळीच करू नये.

क्लास म्हणजे काय, हे समजावणारे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ते शिक्षकाच्या टेबलावर पडलेले आहे, त्यासाठी संमिश्र संख्यांची गरज नाही. तरीही ते पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, कारण पाठाचा भर चिन्ह चालवण्यावर आहे. चिन्हाचा अर्थ ठरवण्यावर नाही.

ज्यांची बेरीज होतच नाही

'टाइम' क्लासला माझा आणखी एक आक्षेप आहे. २ तास ४५ मिनिटे हा कालावधी आहे की पावणेतीन वाजले आहेत? क्लासच्या नावावरून कळत नाही. कालावधी असेल तर बेरीज ठीक आहे. पण सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटलेली गाडी १० वाजून २० मिनिटांनी पोहोचली, तर या दोन वेळांची बेरीज साडेसतरा येते आणि तिला कसलाच अर्थ नाही. वजाबाकीला मात्र अर्थ आहे : ३ तास १० मिनिटांचा प्रवास. आणि सुटण्याच्या वेळेत प्रवासाचा कालावधी मिळवला तर पोहोचण्याची वेळ मिळते. म्हणजे येथे दोन क्लास हवेत, घड्याळातली वेळ आणि कालावधी. वेळ उणे वेळ बरोबर कालावधी. वेळ अधिक कालावधी बरोबर वेळ. वेळ अधिक वेळ निषिद्ध.

हे माझे वैयक्तिक पांडित्य नव्हे. पायथनमधील तारखांची व्यवस्था नेमकी अशीच आहे. दोन तारखांची वजाबाकी केली तर दिवसांचा कालावधी मिळतो. बेरीज करायला गेलात तर भाषा चूक दाखवून थांबते. २०११ च्या प्रमाणित सी++ मध्ये आलेली वेळेची व्यवस्थाही असाच भेद पाळते. तज्ज्ञांनी ही गोष्ट भाषेत आणली; आपल्या पाठात ती अजून आलेली नाही.

तापमानाचे असेच आहे, आणि येथे विद्यार्थ्याला स्वतः वापरता येईल अशी एक कसोटी मिळते : एकक बदलून पाहा. २ फूट आणि ३ फूट मिळून ५ फूट. इंचांत २४ आणि ३६ मिळून ६०, म्हणजे पुन्हा ५ फूटच. बेरीज खरी आहे. आता २० आणि ३० अंश सेल्सिअस यांची बेरीज ५०. तीच तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि ८६; बेरीज १५४. पण १५४ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ६७.८ अंश सेल्सिअस, ५० नव्हे! ज्या बेरजेचे उत्तर मोजपट्टी बदलल्यावर पालटते, ती त्या वस्तूंची बेरीज नव्हे, केवळ आकड्यांची आहे.

चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, मग आठवड्याचे सरासरी तापमान काढताना आपण बेरीज करतोच की. त्याला शाबासकी द्यावी आणि कसोटी पुन्हा लावून पाहायला सांगावी. सरासरी २५ अंश सेल्सिअस आणि ७७ अंश फॅरनहाइट. या दोन्ही एकच. सरासरीला अर्थ आहे, वाटेतल्या बेरजेला नाही. म्हणून 'तापमान' क्लासला सरासरी काढण्याची क्रिया द्यावी, अधिक चिन्ह देऊ नये. कोणती क्रिया द्यायची नाही हे ठरवणे, हासुद्धा क्लास तयार करण्याचाच भाग आहे.

विद्युत रोधांचे उदाहरण याहून वेगळे. ६ ओहम आणि ३ ओहम एकसर जोडले तर ९, समांतर जोडले तर २. येथे अर्थ दोन आहेत आणि चिन्ह एकच. अशा वेळी चिन्हाचा मोह सोडून 'एकसर जोड' आणि 'समांतर जोड' अशी दोन स्पष्ट नावांची फंक्शने लिहावीत. वाचणाऱ्याला अंदाज करावा लागता कामा नये.

आकड्यामागची वस्तू विसरल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचा दाखला विज्ञानशिक्षकांना ठाऊक आहेच. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रोग्रॅम आवेगाचे आकडे पौंड-बल सेकंदांत देत होता आणि घेणारा प्रोग्रॅम ते न्यूटन-सेकंद समजत होता. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. आकडे वेळेवर येत होते, गणिते होत होती. त्या मुलीच्या भाषेत सांगायचे तर आउटपुट बरोबर होते.

भाषांचे मतभेद

हे चिन्ह प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती द्यावे का, यावर भाषा तयार करणाऱ्यांतच एकमत नाही. सी++ आणि पायथन देतात. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने मुद्दाम दिले नाही. तेथे आपल्या क्लाससाठी नावाचे फंक्शनच लिहावे लागते. सोय दिली की तिचा गैरवापर होतो, ही त्यामागची भीती, आणि एकोणीस क्रमांकाचा विद्यार्थी पाहिलेल्या माणसाला ती अनाठायी वाटणार नाही. पण जावानेही अक्षरमालिका जोडण्यासाठी अधिक चिन्ह ठेवलेच. तेथे 'पुणे' अधिक 'सातारा' आणि 'सातारा' अधिक 'पुणे' यांची उत्तरे वेगळी येतात. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे आपण पहिलीपासून शिकवत आलेलो. येथे चिन्ह तेच, पण नियम गेला. पायथनमध्ये नवशिक्याला १२ आणि १३ यांची बेरीज १२१३ मिळते तेव्हा त्याला हसू नये. त्याने टंकित केलेले आकडे भाषेने अक्षरे म्हणून घेतलेले असतात आणि अक्षरांचे 'अधिक' म्हणजे जोडणे.

माझे मत विचाराल तर चिन्ह जरूर द्यावे, पण शेवटी. ते क्लासला मिळालेले प्रशस्तिपत्र आहे : या वस्तूंची बेरीज संख्यांच्या बेरजेसारखी वागते, असे त्यातून वाचणाऱ्याला सांगितले जाते. तशी ती वागत नसेल, तर प्रशस्तिपत्र खोटे ठरते.

या वागणुकीतली एक गोष्ट पायथन शिकणाऱ्यांना लवकरच अडवते. 'पैसे' क्लासची दोन ऑब्जेक्टे अधिक चिन्हाने मिळवता येतात; मग यादीतल्या दहा ऑब्जेक्टांची एकदम बेरीज मागितली, की चूक येते. कारण असे : भाषा यादीची बेरीज शून्यापासून सुरू करते, आणि '० अधिक पहिले ऑब्जेक्ट' म्हणजे काय हे क्लासला कोणी सांगितलेले नसते. बहुतेक ठिकाणी यावर एक जादूची ओळ लिहायला सांगून पुढे जातात. त्याऐवजी थांबून विचारावे : या क्लासचे शून्य कोणते? पैशांचे शून्य म्हणजे शून्य रुपये, अपूर्णांकाचे ०/१, गुणांचे ०/०, म्हणजे अजून एकही परीक्षा झालेली नाही. अपूर्णांकात ०/० निषिद्ध, गुणांत मात्र तेच आरंभस्थान! गणिताच्या तासाला 'अविकारक' हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाला तो कशासाठी लागतो हे येथे प्रथमच कळेल.

वर्गात काय करता येईल?

पाठाचा क्रम उलटा करावा, एवढीच माझी सूचना आहे. पहिला तास संगणकाशिवाय घ्यावा. फळ्यावर जोड्या लिहाव्यात : दोन वजने, दोन जन्मतारखा, दोन दूरध्वनी क्रमांक, दोन अपूर्णांक, दोन परीक्षांचे गुण, दोन तापमाने. प्रत्येक जोडीबाबत चार प्रश्न विचारावेत. यांची बेरीज होते का? झाली तर उत्तर कोणत्या प्रकारची वस्तू आहे? एकक बदलले तर उत्तर टिकते का? यांचे शून्य कोणते? मुले वाद घालतील आणि त्या वादातच क्लास तयार होईल.

दुसऱ्या तासाला एकाच क्लासच्या दोन मांडण्या कराव्यात, एक रकान्यांची आणि एक सगळ्याचे लहान एकक करून. बेरजेचे फंक्शन साध्या नावाने लिहावे आणि आधीची ऑब्जेक्टे बदलली नाहीत ना, हे छापून तपासावे. अधिक चिन्ह तिसऱ्या तासाला. ते शिकवायला पंधरा मिनिटे पुरतात, कारण तोवर सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते.

आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणदानात एक ओळ वाढवावी : 'बेरजेचा अर्थ एका वाक्यात सांगा.' त्याला दोन गुण ठेवले तरी पुरे. ती ओळ त्या दिवशी असती, तर त्या मुलीने क्लास लिहिण्यापूर्वीच स्वतःला विचारले असते, की दोन विद्यार्थी मिळवले तर काय होते. ती हुशार होती. उत्तर तिला नक्की आले असते. दोन विद्यार्थी मिळवले तर तिसरा विद्यार्थी होत नाही, दोन विद्यार्थीच होतात. त्यांची यादी होते, गट होतो, तुकडी होते. आणि तुकडी हा वेगळा क्लास आहे.